तंजावूरचा पानमळा आणि कावेरीचा गाळ

२०२५ साली ‘कुंभकोणम वेत्रिलै’ या नावाने तंजावूर भागातील विड्याच्या पानास भौगोलिक मानांकन मिळाले. बातमी चार ओळींची होती आणि पुष्कळांच्या नजरेतून ती निसटलीही असेल. तथापि तिच्या पोटात एक जुना शास्त्रीय प्रश्न दडलेला आहे. मानांकनाचा कायदा असे गृहीत धरतो की, काही पदार्थांचे गुण त्यांच्या भूमीपासून वेगळे काढता येत नाहीत. हीच कल्पना फ्रान्समधील द्राक्षबागाइतदार ‘तेरवार’ या एका शब्दात सांगतात. माती, तिचा उतार, पाण्याचा निचरा, हवेतील ओल आणि त्या जागी पिढ्यान्‌पिढ्या राबलेले हात या सर्वांचा मिळून फळात उतरणारा ठसा म्हणजे तेरवार. बोर्डो प्रांतातील मळ्यांची सुप्रसिद्ध प्रतवारी १८५५ साली झाली. त्याच वर्षी तंजावूरचे शेवटचे भोसले राजे, दुसरे शिवाजी, निवर्तले आणि कंपनी सरकारने ते राज्य खालसा केले. हा निव्वळ योगायोग आहे, परंतु तो मनात ठेवावा असा आहे. तिकडे भूमीच्या गुणांची कागदोपत्री नोंद होत असताना इकडे तितक्याच जुन्या एका वेलीच्या भूमीचा राजाश्रय संपत होता.

तंजावूरला द्राक्षे पिकत नाहीत. तमिळनाडूतील द्राक्षांचा प्रदेश म्हणजे तेणी जिल्ह्यातील कंबमचे खोरे, आणि तो येथून दूर, पश्चिम घाटाच्या पायथ्याशी आहे. परंतु द्राक्षवेल आणि पानवेल यांचे साम्य प्रवाशांच्या ध्यानात फार पूर्वीच आले होते. चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूताने आपल्या मायदेशीच्या वाचकांना नागवेल समजावून सांगताना द्राक्षवेलीचाच दाखला दिला. द्राक्षाप्रमाणेच हिची लागवड करतात, तिच्यासाठी बांबूचे मांडव उभारतात किंवा नारळाच्या झाडांवर तिला चढवतात, असे तो लिहितो. फरक इतकाच की द्राक्षवेलीला फळासाठी वाढवतात आणि या वेलीला पानासाठी. मराठीत आपण दोन्ही बागांना ‘मळा’च म्हणतो.

तंजावूरच्या राजवाड्यातून निघून उत्तरेकडे तिरुवैयारूची वाट धरली की बारा-तेरा किलोमीटरांत पाच प्रवाह ओलांडावे लागतात: वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि शेवटी खुद्द कावेरी. ‘तिरुवैयारू’ या नावातच पाच नद्या आहेत. उलट दिशेला, नैर्ऋत्येस वल्लमकडे गेले तर जमीन हलकेच चढू लागते आणि माती लाल, मुरमाड, जांभ्याच्या जातीची होते. म्हणजे हे नगर दोन मातींच्या शिवेवर वसलेले आहे. एका बाजूस जुने, झिजलेले पठार आणि दुसऱ्या बाजूस नदीने आणून टाकलेला गाळ. नायक राजांनी सोळाव्या शतकात राजवाड्याची उभारणी सुरू केली आणि पुढे मराठ्यांनी ती वाढवली. किल्ल्यासाठी चढाची, टणक जमीन आणि पोटासाठी सखल, ओली जमीन अशी ही विभागणी कोणी नकाशा पाहून केली नव्हती. नदीच्या काठी राहणाऱ्यांना ती आपोआप कळते.

पानमळे आहेत ते या ओल्या बाजूस. अय्यमपेट्टै, राजगिरी, पंडारवाडै, पापनाशम, स्वामिमलै हा कुंभकोणमच्या वाटेवरचा पट्टा त्यासाठी नावाजलेला आहे. तमिळमध्ये अशा मळ्याला ‘कोडिक्काल’ म्हणतात. ‘कोडी’ म्हणजे वेल. त्याची रचना भाताच्या खाचराहून अगदी वेगळी असते. लांब, उंच वाफे आणि दोन वाफ्यांमध्ये खोल चर. चरात पाणी उभे असते, वाफ्यावर मात्र ते साचू द्यायचे नाही. वेलीला ओल अखंड हवी, पण पाय पाण्यात बुडालेले तिला चालत नाहीत. वाफ्यावर आधी अगत्ती, म्हणजे आपला हादगा, पेरतात. तो माणसाहून उंच झाला की त्याच्या बुंध्याशी वेलीचे तुकडे लावायचे आणि केळीच्या सोपटाच्या पट्ट्यांनी ती खोडाला बांधत वर न्यायची. हादगा शेंगवर्गातील असल्यामुळे त्याच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र मातीत आणतात. त्याची झिरझिरीत पाने ऊन गाळून खाली सोडतात, आणि छाटलेला पाला गुरांना जातो. बंगालमध्ये यासाठी गवताने शाकारलेले बंदिस्त मांडव घालतात. कावेरीकाठी ते काम जिवंत झाडे करतात. आपल्याकडे मिरज तालुक्यातील पानमळ्यांत शेवरी, शेवगा, पांगारा अशी झाडे हीच सेवा करतात, त्यामुळे तिकडच्या शेतकऱ्याला तंजावूरचा मळा पाहून परकेपणा वाटू नये.

या भूमीत पान किती जुने आहे? वेल मूळची येथली नाही. तिचे नैसर्गिक घर आग्नेय आशियात, बेटांच्या आणि दमट अरण्यांच्या प्रदेशात आहे. फिलिपाइन्समधील पालावान बेटावरच्या दुयोंग गुहेत सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले. त्यात चुना भरलेले शिंपले होते आणि दातांवर विड्याचे डाग होते. पुढे समुद्रमार्गे ही वेल दक्षिण भारतात पोचली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी तांबूलाच्या इतिहासाचा पाठपुरावा मोठ्या चिकाटीने केला. प्राचीन वैदिक वाङ्मयात तांबूल आढळत नाही आणि इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांनंतर मात्र त्याचे उल्लेख दाट होत जातात, हे त्यांच्या लेखांतून स्पष्ट दिसते. पाचव्या शतकातील मंदसोरच्या रेशीम विणकरांच्या शिलालेखात स्त्रीच्या शृंगारसाधनांत तांबूल येते. तंजावूरचे बृहदीश्वर मंदिर १०१० साली पूर्ण झाले. त्याच्या भिंतींवरील राजराज चोळाच्या लेखांत देवाच्या नैवेद्यासाठी जे नित्याचे जिन्नस ठरवून दिले आहेत, त्यांत तांदूळ, तूप, केळी यांच्या जोडीला सुपारी आणि विड्याची पाने आहेत. रोजच्या रोज ताजे पान पुरवायचे, तर मळा जवळच असला पाहिजे. पान हा साठवणुकीचा माल नव्हे. म्हणजे हजार वर्षांपूर्वी मंदिराला पान पुरवणाऱ्या वेली याच खोऱ्यात कुठेतरी उभ्या असणार, हे अनुमान काढावयास शिलालेख आणि पानाचा नाशवंतपणा एवढे दोन पुरावे पुरेसे आहेत.

मराठे येथे आले ते १६७५-७६ च्या सुमारास. शहाजीराजांचे पुत्र एकोजी ऊर्फ व्यंकोजी हे विजापूरच्या आदिलशाहीचे सरदार म्हणून आले आणि स्वतःच तंजावूरच्या गादीवर बसले. आदिलशाही दरबारातला विडा मराठी माणसाला वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. १६५९ साली अफझलखानाने तेथे जो विडा उचलला म्हणतात, त्याने ‘विडा उचलणे’ हा वाक्प्रचार आपल्या इतिहासात पक्का रोवला. एकोजींची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाने रघुनाथ गणेश नवहस्त या मराठी पंडिताने तंजावुरात ‘भोजनकुतूहल’ हा अन्नपदार्थांच्या गुणधर्मांवरचा ग्रंथ सिद्ध केला. त्या ग्रंथाकडे आणि ग्रंथकाराच्या चरित्राकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले तेही गोडे यांनीच. धान्य कोणत्या भूमीत पिकले, पाणी कोणत्या नदीचे, यावरून अन्नाचा गुण ठरवण्याची आयुर्वेदाची जी रीत आहे, तिचे नाव ‘देश’. कोरडा तो जांगल, ओला तो आनूप. फ्रेंच शब्दाचा आवाका याहून मोठा आहे खरा, परंतु भूमी आणि गुण यांचे नाते हा विचार आपल्याला बाहेरून उसना आणावा लागत नाही.

दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) यांच्या काळात राजवाड्याचे स्वरूप पालटले. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजांचा अधिकार किल्ला व त्याच्या परिसरापुरता उरला. सत्ता गेली तेथे विद्या आली, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु त्यात त्या माणसाच्या कष्टांवर अन्याय होईल. सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालयाची अफाट वाढ केली, धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग करवले, वनस्पती आणि पशुपक्ष्यांची चित्रे काढून घेतली. त्यांच्या संग्रहात लाव्हाझिएचा रसायनशास्त्रावरील ग्रंथ होता. याच राज्याच्या किनाऱ्यावर तरंगंबाडीस डेन्मार्कची वसाहत होती. लिनियसचा शिष्य योहान गेरहार्ड कोनिग १७६८ मध्ये तेथे आला आणि त्याच्यामागून मिशनऱ्यांनी वनस्पतिसंग्रहाची एक परंपराच उभी केली. खुद्द लिनियसने १७५३ साली या वेलीला ‘पायपर बीटल’ हे शास्त्रीय नाव दिले होते. ‘बीटल’ हा शब्द मल्याळम-तमिळ ‘वेट्टिलै–वेत्रिलै’ वरून पोर्तुगीजांच्या मुखातून युरोपात पोचला. वेत्रिलै म्हणजे ‘वेऱुम इलै’, नुसते पान, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. मराठीतही आपण हजार प्रकारच्या पानांतून एकाच पानाला, कोणतेही विशेषण न लावता, ‘पान’ म्हणतो.

सरस्वती महालातील मोडी कागदांचे प्रचंड गठ्ठे हा या दरबाराचा खरा वारसा. तंजावूरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतील निवडक कागदांचे तमिळ भाषांतर प्रसिद्ध केले आहे. मराठी भाषा, मोडी लिपी आणि भाषांतर तमिळमध्ये! आपल्याकडे मोडी वाचणारे तरुण वाढत आहेत. त्यांतल्या एखाद्याने शेतीच्या इतिहासाचा प्रश्न मनात धरून या गठ्ठ्यांकडे पाहावे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

आता वेलीच्या शरीराकडे वळू. पानवेलीत नर आणि मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येतात. लागवड मात्र सर्वत्र तुकड्यांपासून होते. बी कोणी पेरत नाही आणि मळ्यात ते धरतही नाही. परिणामी एका जातीच्या सर्व वेली म्हणजे एकाच मूळ वेलीचे, काळात आणि प्रदेशात पसरलेले, तुकडे असतात. द्राक्षाचेही असेच आहे. काबर्ने किंवा थॉमसन ही नावे बियांपासून आलेल्या पिढ्यांची नाहीत, एकाच जीवाच्या अखंड कलमांची आहेत. परंतु येथे एक मोठा भेद आहे. द्राक्षवेल जागेवर म्हातारी होते. स्लोव्हेनियातील मारिबोर नगरात चारशे वर्षांहून जुनी वेल अजून फळ धरते, आणि ‘वारशाचा द्राक्षमळा’ म्हटले की असे गाठाळलेले, वाकलेले बुंधे डोळ्यांपुढे येतात. पानमळा असा एका जागी राहत नाही. काही वर्षे झाली की जमीन थकते, मुळांचे रोग साठतात, आणि शेतकरी तेथे भात किंवा केळी घेऊन वेल दुसऱ्या शेतात हलवतो. नवा मळा जुन्या मळ्याच्या तुकड्यांतून उगवतो. म्हणजे मळा तरुण आणि वेल पुरातन. येथील वारसा डोक्यावरच्या भाऱ्यातून या शेतातून त्या शेतात गेला आहे. म्हणूनच त्याची जुनी भिंत किंवा जुना बुंधा दाखवता येत नाही, आणि पर्यटकाला त्याचे छायाचित्रही घेता येत नाही.

वेल उतरवण्याची रीत तर याहून विलक्षण आहे. वर्षाकाठी वेल आधाराच्या शेंड्याला पोचली की वरची पाने बारीक होऊ लागतात. तेव्हा तिला सोडवून खाली घेतात, पाने खुडलेला खालचा भाग वेटोळे करून बुंध्याशी पुरतात, वर नवी माती घालतात आणि शेंडा पुन्हा आधाराला बांधतात. पुरलेल्या प्रत्येक पेराला मुळे फुटतात. दर वर्षी वेल आपल्याच जुन्या अंगावर नव्याने उभी राहते. या कामात मातीला मिळणारा मान लक्षात घ्यावा. पुरण्यासाठी नवी माती हवीच, आणि ती साधीसुधी माती चालत नाही. भुसभुशीत, बारीक, सेंद्रिय अंशाने युक्त असा गाळ त्यासाठी उत्तम. तमिळमध्ये अशा गाळाला ‘वंडल’ म्हणतात. तंजावूरच्या पानमळ्याचा तेरवार ही स्थिर गोष्ट नाही. तो दर वर्षी टोपलीने भरावा लागतो.

हा गाळ कुठून येई? कावेरी कोडगूच्या डोंगरात, तलकावेरीस उगम पावते आणि दक्षिण भारताच्या पठारावरील अतिप्राचीन पट्टिताश्म व चार्नोकाइट खडकांवरून वाहत येते. हे पृथ्वीच्या कवचातील सर्वांत जुन्या खडकांपैकी होत. त्यांचा झिजलेला चुरा, वाटेतील रानांचा पालापाचोळा आणि शेतांची वरची माती घेऊन नदी तिरुच्चीपाशी येते, तेथे कोल्लिडम फुटते, आणि पुढे उतार इतका मंदावतो की पाण्याला ओझे पेलवत नाही. मग ते टाकावे लागते. या टाकलेल्या ओझ्यावरच तंजावूरचा सुपीक प्रदेश उभा आहे. कल्लणै हा करिकाल चोळाच्या नावे सांगितला जाणारा बांध पाणी अडवण्यासाठी नव्हता. ते कावेरीच्या शाखांत वळवावे, कोल्लिडमकडे सारे निघून जाऊ नये, यासाठी तो होता.

गंमत अशी की एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तंजावूरच्या शेतीपुढे संकट होते ते गाळाच्या आधिक्याचे. कोल्लिडमचे पात्र सरळ आणि अधिक उताराचे. त्यामुळे पाणी तिकडे धावू लागले आणि कावेरीचे पात्र भरत चालले. आर्थर कॉटन या अभियंत्याने १८३६ साली मुक्कोंबू येथे, कोल्लिडमच्या मुखाशी वरचा बंधारा पूर्ण केला आणि पाणी पुन्हा कावेरीकडे वळवले. कालव्यांतील गाळ उपसण्याचे काम गावकरी पूर्वापार एकत्र येऊन करीत. त्या प्रथेचे नाव ‘कुडिमरामत्तु’. उन्हाळ्यात कालवा कोरडा पडला की प्रत्येक घराने हात लावायचा. उपसलेला गाळ काठावर आणि तेथून मळ्यात जाई. अभियंत्याच्या वहीत जी अडचण होती, ती मळेवाल्याच्या दृष्टीने भांडवल होते.

मग मेट्टूरचे धरण आले. १९२४ च्या प्रलयंकारी पुरानंतर पुढच्याच वर्षी काम सुरू होऊन १९३४ मध्ये ते पूर्ण झाले. १२ जून ही डेल्टाच्या शेतीसाठी मेट्टूरचे दरवाजे उघडण्याची परंपरागत तारीख ठरली आणि पाण्याची अनिश्चितता पुष्कळ कमी झाली. त्या धरणाने किती घरांत दोन वेळचा भात नेला, हे तंजावूरकरांना सांगावे लागत नाही, आणि धरणाला खलनायक करण्याची आजची हौस मला पटत नाही. परंतु भौतिकशास्त्र आपले काम करीतच राहते. संथ जलाशयात वाळू आणि गाळ तळाला बसतात, आणि दरवाज्यातून बाहेर पडणारे पाणी त्या मानाने निवळ असते. वर म्हैसूरजवळ कृष्णराजसागर, खाली भवानी आणि अमरावती या उपनद्यांवर १९५० च्या दशकातील धरणे. असा एकेक उंबरठा ओलांडताना नदी आपले ओझे मागे ठेवत आली. ओझे उतरलेले पाणी मग स्वतःच्याच पात्राचा तळ खरवडते. त्यात वाळूचा उपसा मिळाला की पात्र खोल जाते आणि शेताकडे नेणाऱ्या कालव्यांची मुखे उंचावर राहतात. कावेरीकाठची माती ज्या क्रियेने घडली, ती क्रिया नव्वद वर्षांपूर्वीच मंदावली. आजचा मळा साठवणीतल्या गाळावर चालला आहे.

मानांकनाच्या बातमीत मला महत्त्वाचे वाटते ते हे. कायद्याने नावाभोवती कुंपण घातले. दुसऱ्या प्रदेशाचे पान ‘कुंभकोणम’ म्हणून विकता येणार नाही, आणि ते योग्यच झाले. पण नावामागचा गुण ज्या गाळातून येतो, तो या कुंपणाच्या आत निर्माण होत नाही. तो पुष्कळ वर, दुसऱ्या राज्याच्या डोंगरात जन्मतो आणि वाटेतल्या जलाशयांत अडकतो. फ्रान्समधील चुनखडीची टेकडी हजार वर्षे जागची हलत नाही. डेल्टाची माती हा मात्र नदीचा चालू हिशेब आहे.

गुण मातीचा की वेलीचा, हाही प्रश्न सोडून देण्याजोगा नाही. आत्तूर, शोळवंदान, तिरूर, मगही, बनारसी अशा अनेक पानांना मानांकने मिळाली आहेत. जात सगळ्यांची एक, परंतु वाण वेगळे. पानाचा तिखटपणा आणि सुवास त्यातील उडनशील तेलावर ठरतो. बंगला वाणात युजेनॉल, म्हणजे लवंगेचे द्रव्य, प्रमुख असते. मिठा पानात ॲनेथॉल, जे बडीशेपेला तिची चव देते. हे भेद वाणाचे आहेत, मातीचे नव्हेत. मातीचा वाटा दाखवायचा तर एकाच वेलीचे तुकडे कावेरीच्या गाळात, वल्लमच्या लाल मातीत आणि मिरजेच्या काळ्या मातीत, सारख्याच सावलीत व सारख्याच पाण्यावर लावून पानांतील तेलाची तुलना केली पाहिजे. पानवेल तुकड्यांपासून वाढते, म्हणून आनुवंशिक भेदाचा अडसर येथे आपोआप दूर होतो. तेरवारच्या अभ्यासासाठी इतके सोयीचे पीक क्वचितच सापडेल. कृषी किंवा रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने उचलावा असा हा विडा आहे!

आणखी एका दुव्यासाठी पुन्हा द्राक्षमळ्याकडे जावे लागते. १८८५ साली पिएर मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने मोरचूद आणि चुना यांचे निळे मिश्रण द्राक्षावरील केवडा रोगाला अटकाव करते, असे दाखवून दिले. मेदोक भागातील बागाइतदार रस्त्याकडेच्या वेलींवर ते शिंपडत, ते केवळ चोरांनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून. मिलार्देच्या लक्षात आले की त्या वेलींची पाने निरोगी आहेत. हे बोर्डो मिश्रण आज पानमळ्यातही वापरले जाते. कारण पानवेलीची मूळकूज आणि पानकूज घडवणारा फायटोफ्थोरा आणि द्राक्षावरचा केवडा हे दोघे एकाच गटातले, ऊमायसीट या पाणबुरशीसदृश जीवांतले आहेत. त्यांचे बीजाणू शेपट्या हलवीत पाण्यात पोहतात. फायटोफ्थोराच्या ‘पॅरासिटिका’ या जातीचे प्रथम वर्णन १९१३ मध्ये जहांगीर फर्दुनजी दस्तूर या भारतीय कवकशास्त्रज्ञाने एरंडावरील रोगावरून केले. वाफे उंच का, चर खोल का, याचे उत्तर या पोहणाऱ्या बीजाणूंत आहे. अनेक ठिकाणी पानमळ्यात चपला घालून जाऊ देत नाहीत. मळ्याला देवघराचे पावित्र्य देणारी ही रूढी आहे, पण चिखलाबरोबर दुसऱ्या शेतातला रोग आत येऊ न देण्याचे कामही ती बिनबोभाट करते. आणि विड्यातला चुना मिश्रणाच्या रूपाने असा वेलीच्याही उपयोगी पडावा, हे पाहून मौज वाटते.

विज्ञानाच्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूविरहित विडा आणि सुपारीदेखील माणसात कर्करोगकारक ठरवली आहे. दोष सुपारीकडे आहे, हिरव्या पानाकडे नाही. तरीही ‘त्रयोदशगुणी विडा’ म्हणून त्याचे कौतुक करताना हे विसरता येत नाही. पानमळ्यांचे अर्थकारण या ज्ञानाने पालटणार आहे. लग्नसमारंभ, देवपूजा, घरगुती औषध आणि पानातील तेलाचा उपयोग यांवर ते कितपत तगेल, हा कुंभकोणमच्या मळेवाल्यांपुढचा खरा व्यवहार आहे. वेल बांधणे, उतरवणे, पाने खुडून मोजून कवळ्या लावणे हे सारे हाताचे काम आहे, आणि ते शिकलेले हात शहराकडे जात आहेत.

२०१७ साली तमिळनाडू शासनाने कुडिमरामत्तु हे जुने नाव पुन्हा वापरात आणून तळी आणि कालवे उपसण्याची योजना सुरू केली, आणि तलावांतला गाळ शेतात नेण्याची वाट शेतकऱ्यांना मोकळी झाली. तळ्यातील गाळ कावेरीच्या ताज्या गाळाची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. त्याचे पाणलोट क्षेत्र लहान आणि त्यातील खडकांचे मिश्रण वेगळे. तरी वेल पुरण्यासाठी टोपलीत तोच येतो. उन्हाळ्यात कालव्यांचे तळ उघडे पडतात आणि भेगाळलेल्या गाळाची ढेकळे बैलगाडीऐवजी आता ट्रॅक्टरने मळ्यांच्या कडेला येऊन पडतात. वेली उतरवून वेटोळी पुरायची, वर हा गाळ पसरायचा आणि शेंडे पुन्हा हादग्याला बांधायचे. हा गाळ उपसायचा असतो तो १२ जूनच्या आत. मेट्टूरचे दरवाजे उघडले की काही दिवसांत कालव्यांना पाणी चढते आणि त्यांचे तळ दिसेनासे होतात.